तळ्यात राहिलेला बाळकृष्ण

प्रिय मुक्ता आणि रेवा,

हे मी इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं, आणि मलाही जड गेलं नसतं. धारच्या कॉलेजात माझा उभा जन्म इंग्रजी शिकवण्यात गेला. पण ज्या बाईविषयी लिहायचं आहे तिला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, आणि त्यावाचून तिचं म्युनिकपासून इटलीपर्यंत कुठेही अडलं नाही. म्हणून मराठीतच लिहिते. अडेल तिथे बाबांकडून वाचून घ्या. हे इथल्या पुरवणीत छापून येणार आहे, तेव्हा तुम्हाला ठाऊक असलेल्या काही गोष्टी मी इतरांसाठी पुन्हा सांगेन. तेवढं चालवून घ्या.

आत्ताच का, तर मुक्ता, तुझ्या फोनमुळे. आत्याआजीचं तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि त्यानंतरच्या रविवारी तू फोन केलास. इकडचं तिकडचं बोललीस, परीक्षेचं सांगितलंस, आणि ठेवता ठेवता विचारलंस, “आजी, ती माझ्यावर रागावलेलीच गेली का ग?” मला आधी कळेचना. मग तू म्हणालीस, “ते तळ्यातलं...” आणि मग एकेक गोष्ट बाहेर काढत गेलीस. ते घडलं तेव्हा तू आठ वर्षांची होतीस. आता कॉलेजात जाशील. एवढी वर्षं तू हे मनात घेऊन हिंडत होतीस आणि आम्हा मोठ्या माणसांपैकी एकालाही त्याचा पत्ता नव्हता. मी फोनवर “छे ग, वेडी का तू” एवढंच म्हटलं. ते काही उत्तर नव्हे. उत्तर थोडं लांब आहे, आणि मला ते क्रमानं द्यायचं आहे.

आत्याआजी म्हणजे तुमच्या आबांची थोरली बहीण, माझी नणंद. आम्ही नणंदेला ‘वन्सं’ म्हणतो. माळव्यातल्या जुन्या मराठी घरांतून हा शब्द अजून टिकून आहे. पुण्याच्या माझ्या भाचीला तो ऐकून हसू येतं. बातमी देवासहून आली. सकाळी मी आबांपुढे चहा ठेवला आणि फोन वाजला. वन्संच्या जाऊबाईंचा मुलगा सतीश बोलत होता. “मामी, काकू चली गई...” एवढं हिंदीत म्हणाला, मग सावरून मराठीत, “चहा प्याली. म्हणाली आज टेकडीवर जाऊ, माझी चप्पल बघ कुठाय. मी चप्पल घेऊन आलो तोवर...” आबा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी फोन हातात धरून उभी होते, आणि माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते दुःख नव्हतं. मला हायसं वाटलं. वन्सं आपल्या जावेकडे मुक्कामाला होत्या आणि टेकडीवर निघायच्या बेतात होत्या. ज्या बाईनं उमेदीची सगळी वर्षं एक रात्र घराबाहेर काढली नाही, तिला मरण परगावी आलं, चप्पल घालायच्या आधी. रडू नंतर आलं, भरपूर आलं. पण आधी आलं ते हायसं वाटणं. ते का, हेच तुला सांगायचं आहे.

वन्संचं लग्न देवासला झालं होतं. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नव्हतं, आणि त्या धारला माहेरी परत आल्या. घराणं संस्थानच्या नोकरीतलं. संस्थान गेलं, नोकऱ्या गेल्या, देव आणि सोवळं तेवढं राहिलं. वडिलांनी मुलीचं मन कशात तरी लागावं म्हणून देवपूजा तिच्याकडे सोपवली. मी लग्न होऊन आले तेव्हा पूजा आणि वन्सं या दोन वेगळ्या गोष्टी राहिलेल्या नव्हत्या. चांदीचे टाक, अन्नपूर्णा, नर्मदेतला बाण, शंख, घंटा, आणि दोन बोटं उंचीचा पितळी बाळकृष्ण... रांगणारा, एका हातात लोण्याचा गोळा, नाक झिजून सपाट झालेलं. त्याला रोज ऊन पाण्यानं स्नान, थंडीत अंगडं, उन्हाळ्यात वाळ्याच्या पाण्याचा थेंब. त्याला नैवेद्य झाल्याशिवाय वन्सं पाणीसुद्धा घेत नसत.

आता इथे एक रीत सांगायला हवी. घर बंद करून परगावी जायचं झालं तर आमच्याकडे देव गव्हाच्या डब्यात ठेवतात. धान्यात असलेला देव उपाशी राहत नाही. माणसं परत येईपर्यंत त्याला स्नान नको, नैवेद्य नको. परत आलं की देव बाहेर काढायचे आणि त्या गव्हाचं दळण करून पोळ्या करायच्या. ही रीत पुष्कळ घरांत आहे. पण वन्संनी तिला स्वतःची एक दुरुस्ती केली होती. “बाकीचे मोठे आहेत, राहतील,” त्या म्हणायच्या. “हा लहान आहे. लहान मुलाला कुणी डब्यात घालून गावाला जातं का?”

या एका वाक्यावर त्यांचं सगळं आयुष्य धारला थांबलं. देवासच्या जाऊबाईंवर त्यांचा फार जीव. दोघी एकाच वर्षी त्या घरात सुना म्हणून आलेल्या. वर्षातून दोनदा वन्सं सकाळच्या बसनं इंदूरला, तिथून देवासला जायच्या आणि संध्याकाळी परत. जाऊबाई पदर धरायच्या, “एक रात्र राहा हो. गच्चीवर झोपू, बोलू.” वन्संचं उत्तर ठरलेलं, “बाळ घरी आहे.” मी कितीदा म्हटलं, वन्सं, मी घालीन की त्याला आंघोळ. त्या माझ्याकडे दयेनं बघायच्या. “तू नळाखाली धरशील सुमती.” ... खोटं कशाला सांगू, धरलाच असता.

तुमच्या बाबांनी म्युनिकहून तिकिटं पाठवली तेव्हा मी गृहीतच धरलं होतं की वन्सं येणार नाहीत. सगळं घरच निघालेलं, त्यांना एकटीला ठेवायचं तरी कसं, या चिंतेत मी होते. एक दिवस बघते तर त्या दारात बसून लोकर विणत होत्या. अंगठ्यावर बसेल एवढी टोपी. “तिकडे गार असतं म्हणे,” म्हणाल्या. “बाकीचे गव्हात राहतील. हा माझ्याबरोबर येतो.” विमानतळावर तपासणीच्या माणसानं स्टीलचा डबा उघडायला लावला. आत लोकरीच्या टोपीतला बाळकृष्ण. त्यानं हात जोडले आणि आमच्या बाकीच्या बॅगा न बघताच सोडल्या. माझ्या इतक्या नीट लावलेल्या बॅगांचा कुणाला उपयोग झाला नाही.

तो प्रवास तुम्हाला तुकड्यांत आठवत असेल. मला तो माझ्या फाइलीसकट आठवतो. म्युनिकहून निघायचं, ऑस्ट्रियात इन्सब्रुकला मुक्काम, मग ब्रेनरची खिंड ओलांडून इटलीत उतरायचं, तळ्यांच्या काठाकाठानं हिंडायचं, आणि स्वित्झर्लंडमधून वळसा घेऊन परत. कोणत्या गावी किती वाजता पोचायचं हे मी कागदावर उतरवलं होतं. बाबा गाडी चालवत. घाटात वन्संना मळमळतं म्हणून त्या पुढच्या सीटवर, तोंडात आवळासुपारी, मांडीवर डबा. मागे आई, तुम्ही दोघी, मी आणि आबा. पहिल्याच दिवशी माझ्या कागदाची वाट लागली. आठला निघायचं ठरलेलं, आणि आठला वन्सं भाड्याच्या घराच्या स्वयंपाकघरात सोवळ्याचं रेशमी नेसून गंध उगाळत होत्या. नैवेद्य झाल्याशिवाय गाडी हलायची नाही. दहा वाजले. दुसऱ्या दिवशी साडेदहा. आबा मला डोळ्यांनी गप्प राहा म्हणत होते आणि रेवा भुकेनं आरडाओरडा करत होती.

फुलांची गोष्ट तर बाबा अजून सांगतात. त्या बाजूच्या गावांतून प्रत्येक खिडकीखाली लाल फुलांच्या कुंड्या असतात. वन्सं पहाटे उठल्या आणि घरमालकिणीच्या खिडकीतली परडीभर फुलं खुडून आणली. ती बाई तरातरा वर आली. बाबा जर्मनमध्ये माफी मागताहेत, ती ऐकत नाही, आणि वन्सं मधेच तिच्या तळहातावर खडीसाखर ठेवून म्हणतात, “गुस्सा नहीं करते बहनजी, प्रसाद लो.” परक्या माणसाशी हिंदीत बोलायचं ही आम्हा धारच्या मराठी माणसांची जन्माची सवय, परकं माणूस ऑस्ट्रियातलं असलं तरी त्यांच्या दृष्टीनं फरक पडत नव्हता. पेट्रोलपंपावर त्या “ए भिया, थोडा गरम पानी देना” म्हणायच्या आणि तो भिया, म्हणजे भैया, गरम पाणी द्यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी घरमालकीण स्वतः वर आली, पाच फुलं मोजून दिली, आणि पंजा उघडून दाखवला. पाच, जास्त नाही. वन्संनी मान हलवली. सौदा मंजूर.

पण मुक्ता, त्या पहिल्या आठवड्यात त्यांनी काय काय पाहिलं नाही, ते तुझ्या लक्षात आलं नसेल. आपण सगळे तारेवरच्या पाळण्यातून डोंगरावर गेलो, त्या खाली बाकावर बसल्या. बोटीत बसलो, त्या काठावर. “एवढ्या उंच त्याला नेऊन कानात वारं भरलं तर?” खोलीवर ठेवून या म्हटलं तर, “एकटा? परक्या घरी?” ब्रेनरच्या वळणांवर गाडी चढायला लागली तेव्हा मात्र त्या खिडकीतून बघून आबांना म्हणाल्या, “बापू, अगदी नालछ्याच्या पुढचा रस्ता बघ.” आबा म्हणाले, “ताई, मांडूला जाऊन तुला किती वर्षं झाली?” मांडू आमच्या घरापासून तासाभरावर आहे, वाटेत नालछा. पण तिथे राहायला कोण जाणार? बाळ घरी असायचं.

आता ते तळं. नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर कुणी ना कुणी भाविक पाणबुड्याला घेऊन जाईल. इटलीच्या बाजूचं, तीन बाजूंनी डोंगर, पाणी इतकं स्वच्छ की तळाचे दगड हाताला येतील असं वाटावं. वन्सं ते पाणी बघतच राहिल्या. “लहानपणी नर्मदेचं पाणी असं होतं,” म्हणाल्या. “आज त्याला इथेच स्नान.” लाकडी धक्क्याच्या टोकाला त्या बसल्या, शेजारी तू. ताम्हन तुझ्या हातात दिलं. तू ते मागूनच घेतलं होतंस. रेवा आईजवळ काठावर. मी मागे बाकावर, फाइल मांडीवर. वन्सं फुलपात्रानं तळ्याचं पाणी घेऊन बाळकृष्णावर घालत होत्या आणि पुटपुटत होत्या. पाणी बर्फासारखं होतं. तुझी बोटं लाल झाली, मग निळसर. मला ती बाकावरून दिसत होती. तू ताम्हन खाली ठेवलं नाहीस. लहान पोर, सांगितलेलं काम करत राहिलीस... आणि मग ताम्हन एका बाजूला कललं.

पडल्याचा आवाज अगदी लहानसा आला. पाणी स्वच्छ असल्यामुळे बाळकृष्ण बराच वेळ दिसत राहिला, चमकत, गोल फिरत खाली जाताना. मग दिसेनासा झाला. वन्संनी जी किंकाळी फोडली ती मी जन्मात विसरणार नाही. “बाळ! अरे माझं बाळ गेलं रे पाण्यात!” तिथे मराठी कोणाला येत होतं? पण सगळ्या काठाला कळलं. पांढऱ्या केसांची एक म्हातारी धक्क्याच्या टोकाला ओणवी होऊन पाण्याकडे हात करून ओरडते आहे, शेजारी एक मुलगी थिजून उभी आहे. याचा अर्थ जगात कुठेही एकच. तीन माणसांनी कपड्यांसकट उड्या मारल्या. एक बाई आपल्या मुलांना जवळ ओढून मोजायला लागली. कुणी शिट्टी वाजवली. एक दाढीवाला धिप्पाड माणूस पुन्हा पुन्हा बुडी मारत होता, वर येऊन श्वास घेत होता आणि परत जात होता.

तुमचे बाबा गाडी लावायला गेलेले, तुमच्या आईनं रेवाला घट्ट धरलेलं. तेव्हा बोलायचं माझ्यावर आलं. इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं, पण एवढं अवघड वाक्य मला कधी रचावं लागलं नव्हतं. तो दाढीवाला धक्क्याला धरून वर आला, ओठ निळे, दात वाजताहेत. त्यानं विचारलं, मूल केवढं आहे? मी दोन बोटं दाखवली. तो समजला, दोन वर्षांचं. पुन्हा बुडी मारणार तेवढ्यात मी त्याचा दंड धरला आणि सांगितलं, मूल नाही. देव आहे. आमच्या घरातला देव, लहान रूपातला, पितळेचा, एवढासा. त्यानं माझ्याकडे बघितलं, वन्संकडे बघितलं. मला वाटलं, आता हा आम्हाला काय बोलेल ते थोडंच. त्यानं एकच विचारलं, “तुमची मुलं सगळी बाहेर आहेत?” मी म्हटलं, हो. सगळी. तो तिथेच फळ्यांवर बसला, दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि मग हसायला लागला. त्यानं ओरडून इतरांना सांगितलं आणि सगळा काठ हसायला लागला... चेष्टेचं हसू नव्हतं ते. कुणी बुडलं नव्हतं ना!

वन्सं ते सगळं बघत होत्या. तो काय म्हणाला ते मला विचारलं, मी सांगितलं. त्यांनी मान वळवून एकदा तुला पाहिलं, मग काठावर रेवाला. अंगावरची शाल काढली आणि त्या माणसाच्या खांद्यांवर घातली. “ओढ ले बेटा, सर्दी लग जाएगी.” शेजारच्या बाकावरच्या कुणा बाईनं थर्मासमधला चहा आणून दिला. पूजा अर्धी राहिलेली, नैवेद्य व्हायचा, चहा परक्या हातचा... वन्संनी तो घेतला आणि प्यायला. आबांनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघांनीही हे पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. बाबा धावत आले, म्हणाले, इथे पाण्याखाली बुडी मारायला शिकवणारे आहेत, उद्या शोधायला लावतो. वन्सं म्हणाल्या, “नको रे. पुन्हा कुणाचं तरी लेकरू त्या गार पाण्यात उतरणार. राहू दे. यमुनेच्या डोहात उडी टाकली त्यानं, ह्या पाण्याचं त्याला काय?”

बाबा आल्यावर तू गाडीत जाऊन बसलीस, सीटच्या खालच्या जागेत, अंगाचं मुटकुळं करून. वन्सं गेल्या, तुझ्याजवळ बसल्या, दार ओढून घेतलं. तू फोनवर म्हणालीस, “ती एक शब्द बोलली नाही ग आजी.” खरं आहे. नाही बोलल्या. पण मी काचेबाहेर उभी होते आणि मला त्यांचा हात दिसत होता. तो तुझ्या पाठीवर होता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तुला तो आठवत नाही, कारण तू रडत होतीस आणि अंगात जाड जाकीट होतं. पुढे एकदा मी त्यांना विचारलं, वन्सं, त्या दिवशी पोरीशी काही बोलला का नाहीत? त्या म्हणाल्या, “रडत होती ग ती. मध्ये काय बोलायचं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले, तर स्वयंपाकघरात गंधाचा वास नाही. वन्सं पलंगावर. आठ वाजून गेलेले. मी घाबरले, जवळ जाऊन त्यांच्या नाकापुढे बोट धरलं. त्यांनी एक डोळा उघडला. “मेले नाही,” म्हणाल्या. “उठून करू काय?”

मुक्ता, हे वाक्य मी मनात किती वेळा फिरवलं असेल. उठून करू काय! मला वाटलं, बाई आता खचणार. आबांना म्हटलं, परत फिरू या का? तेवढ्यात त्या बाहेर आल्या, पारोशा, केस मोकळे, आणि टेबलाशी बसून रेवाला म्हणाल्या, “तू रोज ते लाल लाल काय खातेस, मला दे बघू.” पाव आणि चेरीचा जॅम खाल्ला. दोन खाल्ले. माझ्या कागदावर त्या दिवसाची वेळ नऊची होती, आपण बरोबर नऊला निघालो, आणि त्याचा आनंद मानावा की नाही हे मला कळेना.

त्या दिवशी डोंगरावर जायचा पाळणा होता. बाबांनी विचारलंसुद्धा नाही. वन्संच म्हणाल्या, “तिकीट काढ माझं.” वर गेल्यावर वारा होता, समोर बर्फाचे डोंगर, खाली आदल्या दिवसाचं तळं निळ्या काचेसारखं. वन्सं उभ्या राहिल्या आणि मी बघितलं की त्यांना हातांचं काय करावं कळत नव्हतं. एवढे दिवस हातात डबा असायचा. हात थोडा वेळ तसेच पुढे धरले गेले, मग खाली आले. मग त्यांनी एका बाजूला तुझा हात धरला, दुसऱ्या बाजूला रेवाचा. तो फोटो तुमच्याकडे आहे. त्यात त्या समोर बघत नाहीत म्हणून तू समजलीस, नाराज आहेत. फोटो नीट बघ. त्या खाली तळ्याकडे बघताहेत, आणि ओठ मिटलेले असले तरी गालाला खळी पडलेली आहे. पुढचा सगळा प्रवास त्यांनी एकही बोट सोडली नाही, एकही आगगाडी सोडली नाही. स्वित्झर्लंडच्या एका घाटात तर बाबांना गाडी थांबवायला लावून उतरल्या आणि रस्त्याकडेच्या बर्फाचा गोळा करून आबांना मारला. आपल्या धाकट्या भावाला, वय वर्षं अडुसष्ट.

धारला आल्यावर गव्हातून देव बाहेर काढले. देवघरात बाळकृष्णाची जागा मोकळी. गुरुजी म्हणाले, नवा आणा, प्रतिष्ठा करून देतो. आबा सराफ्यातून घेऊनही आले, जुन्यासारखाच. वन्संनी परत पाठवला. “ह्या वयात मला दुसरं मूल दत्तक घ्यायचं नाही. आमचा आहे. पाण्यात आहे, मजेत आहे.” हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना त्या ही गोष्ट रंगवून सांगत, आणि त्यांच्या सांगण्यात ताम्हन कलण्याचा भाग नसायचाच. “माझ्या नातीनं नेलं त्याला पोहायला. मी किती वर्षं घंगाळात बसवला होता!” कुणी हळहळलं तर म्हणायच्या, “अहो, मोठा झाला. कधी तरी व्हायचाच होता.” एकदाच त्या रडल्या, तेही सांगते, नाहीतर तुला वाटेल मी गोड करून सांगते आहे. त्या वर्षीच्या जन्माष्टमीला त्यांनी त्याचा लहानसा पाळणा काढला, पुसला, दोरी नीट केली, आणि धरून बसून राहिल्या. मी प्रसादाची पंजिरी करत होते. थोड्या वेळानं त्यांनी पाळणा परत कपाटात ठेवला, डोळे पुसले आणि म्हणाल्या, “सुंठ जास्त झाली आहे ग. वासावरून कळतंय.”

दिवाळीनंतर एक दिवस त्या डब्यात गहू भरताना दिसल्या. खातेगावचे चांगले गहू, निवडून घेतलेले. टाक, अन्नपूर्णा, बाण एकेक करून आत ठेवले, वरून आणखी मूठभर गहू घातले. मी विचारलं, कुणीकडे? “देवासला. आठ दिवस.” मी म्हटलं, वन्सं, मी आहे की घरात, देव कशाला उचलता? “तू नळाखाली धरशील,” म्हणाल्या, आणि हसल्या. दोघी जावा गच्चीवर झोपल्या. जाऊबाई मला नंतर सांगत होत्या, “रात्रभर बोलत होतो ग. मी चाळीस वर्षांचं साठवलेलं, त्यांचं त्याहून जास्त.” तिथून पुढे वन्संनी पाय घरात ठरू दिला नाही. मांडूला राहून आल्या. ओंकारेश्वर, नाशिक, भाचीच्या लग्नाला खातेगावला आठवडाभर. दाराच्या खुंटीला एक कापडी पिशवी कायम भरलेली असायची. बाकीचे देव मोठे होते, ते राहायचे.

आणि मुक्ता, तू म्हणालीस की व्हिडिओ कॉलवर ती तुझ्याकडे कधी बघायची नाही. अग, त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं आणि कानात यंत्र घालायला त्या तयार नव्हत्या. फोन आला की त्या तो कानाला दाबून धरायच्या, चित्र असो नसो. आम्ही ओरडायचो, “वन्सं, समोर धरा, मुलगी दिसते आहे!” “दिसू दे. मला ऐकायचं आहे ती काय म्हणते.” तुला इतकी वर्षं त्यांचा कान दिसला, कारण तू काय बोलतेस ते त्यांना हवं होतं. पुन्हा त्या तिकडे आल्या नाहीत ते गुडघ्यांमुळे. विमानात एवढा वेळ पाय मुडपून बसणं झालं नसतं. राग असता तर त्यांनी तो लपवला नसता. आबांना विचार, ताईनं राग लपवल्याचं एक उदाहरण देता येईल का.

तर उत्तर असं आहे. तुझ्या हातून ताम्हन कललं. ते खरं आहे, आणि ते मी नाकारत नाही. पण त्या घरातल्या कुणालाच, वडिलांना नाही, भावाला नाही, मला नाही, त्यांना मोकळं करायची हिंमत कधी झाली नव्हती, आणि त्यांनाही ती झाली नसती. ते गार पडलेल्या बोटांनी झालं. कुणी बुडलं नाही. एक म्हातारी बाई गच्चीवर झोपायला गेली. तिला त्याची आठवण यायची, आणि तरीही ती खूश होती. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात राहू शकतात हे मी त्यांच्याकडे बघून शिकले.

देवासहून सतीशनं त्यांची पिशवी आणून दिली. आत दोन पातळं, ब्लड प्रेशरच्या गोळ्या, आवळासुपारीची डबी, जाऊबाईंनी दिलेल्या सांडग्यांची पुडी. आणि तळाशी, रुमालात गुंडाळलेली, अंगठ्यावर बसेल एवढी लोकरीची टोपी. त्या दिवशी स्नानासाठी काढून ठेवली होती, म्हणून ती राहिली. इतकी वर्षं त्या ती घेऊन हिंडत होत्या हे मला माहीत नव्हतं. का, ते मी सांगू शकत नाही, आणि त्यांच्या वतीनं अंदाजही करणार नाही. मी ती परत तशीच ठेवली.

जूनमध्ये आबा आणि मी तुमच्याकडे येतो आहोत. तुला हवं असेल तर त्या तळ्यावर जाऊ. शोधायला नव्हे. त्या धक्क्यावर बसू आणि थर्मासमधला चहा पिऊ.

वन्संची पिशवी खुंटीला आहे, टोपी तिच्यात आहे. निघायची तयारी म्हणून देव मी काल गव्हात ठेवले. बाळकृष्ण तळ्यात आहे.